बुलेटचे पॉइंट: आधी गॅप, मग टायमिंग

पॉइंटवाली (म्हणजे उघडझाप करून ठिणगी पाडणारे दोन धातूचे संपर्क असलेली) जुनी बुलेट ३५० सकाळी किकवर किक मागू लागली, आयडलला मधेच ठोका गाळू लागली किंवा नागपूरच्या वर्धा रोडवर साठच्या पुढे खोकू लागली, की हात सगळ्यात आधी कार्बोरेटरच्या स्क्रूकडे जातो. तो स्क्रू फिरवण्याआधी पॉइंटची टोपी काढून आत बघा. कार्बोरेटरची सेटिंग सहसा आपल्या मनाने बदलत नाही. पॉइंटची बदलते, आणि रोज थोडी थोडी बदलते, कारण हलत्या पॉइंटची टाच कॅमवर, म्हणजे पॉइंट उघडणाऱ्या उंचवट्याच्या फिरत्या भागावर, घासत असते आणि टोकं ठिणगीने झिजत असतात. वर्षभर चांगली लागलेली गाडी बिघडली तर पहिला संशय इथेच घ्यावा.

खालची मापं कास्ट आयर्न इंजिनाच्या बुलेट ३५० ची आहेत. पॉइंटची गॅप, म्हणजे पूर्ण उघडल्यावर दोन टोकांमधलं अंतर, ०.३५ ते ०.४० मिलिमीटर, मिस्त्री लोकांच्या भाषेत चौदा ते सोळा थाउ (इंचाचे हजारावे भाग). टायमिंग: ॲडव्हान्स (वेगाबरोबर ठिणगी लवकर पाडणारी वजनं-स्प्रिंगची यंत्रणा) पूर्ण मिटलेला असताना, कॉम्प्रेशन स्ट्रोकला पिस्टन टॉपच्या, म्हणजे त्याच्या सगळ्यात वरच्या जागेच्या, ०.८ मिलिमीटर खाली असतानाच पॉइंट उघडायला लागले पाहिजेत. ही दोन मापं सोडली तर बाकी सगळं निगुतीचं काम आहे.

ठिणगी उघडताना पडते

पॉइंट मिटलेले असताना बॅटरीचा करंट कॉइलच्या प्रायमरी गुंडाळीतून पॉइंटमार्गे अर्थला जातो. कॅमचा उंचवटा टाचेखाली आला की पॉइंट उघडतात, करंट एकदम तुटतो, कॉइलमधलं चुंबकीय क्षेत्र कोसळतं आणि सेकंडरीत हजारो व्होल्ट तयार होऊन प्लगवर ठिणगी पडते. म्हणजे पॉइंट मिटलेले असतात तो वेळ कॉइल भरण्याचा, आणि उघडतात तो क्षण ठिणगीचा. पॉइंट मिटताना ठिणगी पडते असं समजून टायमिंग लावलं तर गाडी सुरूच होणार नाही.

गॅप आणि टायमिंग वेगळे ठेवता येत नाहीत, याचं कारण हेच. गॅप वाढवली की टाच कॅमच्या जास्त जवळ जाते, पॉइंट लवकर उघडतात, टायमिंग ॲडव्हान्स होतं. गॅप कमी केली की उशिरा उघडतात, टायमिंग मागे पडतं. म्हणून आधी टायमिंग लावून नंतर 'जरा गॅप बघून घेतो' म्हणणाऱ्या माणसाने लावलेलं टायमिंग स्वतःच मोडलेलं असतं. क्रम एकच: सफाई, गॅप, टायमिंग. गॅपला पुन्हा हात लागला तर टायमिंग पुन्हा बघायचं.

गॅप फार मोठी असेल तर पॉइंट मिटून राहण्याचा वेळ कमी पडतो, कॉइल पुरती भरत नाही आणि गाडी वेगात मिसिंग करते. हळू चालताना मात्र ठीक वाटते, त्यामुळे फसायला होतं. गॅप फार लहान असेल तर पॉइंटमधल्या पॉइंटमध्येच ठिणगी ओढली जाते, टोकं भराभर जळतात आणि गाडी सुरू व्हायलाच त्रास देते. टाच झिजल्याने गॅप आपोआप लहान होत जाते, म्हणून काळजी न घेतलेल्या गाडीत दोष बहुतेक याच बाजूचा सापडतो.

काय लागतं

फिलर गेज (०.०५, ०.३५ आणि ०.४० च्या पत्त्या असलेला), बारीक टोकाचा पण घट्ट बसणारा स्क्रू ड्रायव्हर, छोटे रिंग पाने, पॉइंट घासायची बारीक चपटी कानस, थोडं पेट्रोल, सुती फडकं, जाडसर कोरा पांढरा कागद आणि सायकलचा एक सरळ स्पोक. फिलर गेज इतवारीतल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. स्वस्तातल्या गेजच्या पत्त्या वाकलेल्या असतात, त्या उजेडात धरून बघूनच घ्या. पॉलिश पेपर घेऊ नका. त्याचे कण टोकांत रुतून बसतात आणि ते कण वीज नेत नाहीत.

काम थंड इंजिनावर करायचं, आणि नागपुरात मार्च ते जून ते सकाळी लवकर करायचं. दुपारच्या झळांत रस्त्याकडेला टोपी उघडून बसलं की कॅमवरच्या ग्रीसला धूळ चिकटते. ती धूळ नंतर टाच खाते.

उघडल्यावर आधी बघायचं

डिस्ट्रिब्युटर, म्हणजे पॉइंट आणि कॅम ज्यात असतात तो डबा, गाडीच्या उजव्या अंगाला, सिलिंडरच्या मागे, टायमिंग कव्हरच्या वर आहे. टोपीची क्लिप सोडा, टोपी काढा आणि दोन पॉइंट नखाने हलके वेगळे करून उजेडात त्यांची टोकं बघा.

टोकं मंद राखाडी आणि बऱ्यापैकी सपाट असतील तर पॉइंट निरोगी आहेत. काळी आणि तेलकट असतील तर खालून इंजिनचं तेल वर येतंय किंवा कुणीतरी कॅमला वाजवीपेक्षा जास्त ग्रीस लावलं आहे. एका टोकाला खड्डा आणि समोरच्या टोकाला तेवढाच उंचवटा असेल, कडा निळसर झाल्या असतील, तर कंडेन्सर संशयित आहे. कंडेन्सरचं काम पॉइंट उघडताना होणारी ठिणगी गिळण्याचं. साधारण ०.२ मायक्रोफॅरडच्या आसपासचा हा छोटा डबा बिघडला की धातू एका टोकावरून दुसऱ्यावर जमा होत जातो. अशा वेळी फक्त नवे पॉइंट घालून उपयोग नाही. तेही थोड्याच दिवसांत तसेच होतील. पॉइंट आणि कंडेन्सर जोडीने बदला.

खड्डा-उंचवटा झालेल्या पॉइंटवर फिलर गेज खोटं बोलतो. पत्ती उंचवट्यावर टेकते आणि गॅप बरोबर दिसते, पण आजूबाजूला ती कितीतरी जास्त असते. हलका खड्डा असेल तर पॉइंट काढून कानशीने सपाट करा. ही टोकं टंगस्टनची असतात, कडक असतात, त्यामुळे धीराने घासावं लागतं. खड्डा पूर्ण घालवायच्या नादात अर्धं टोक खाऊन टाकू नका. उंचवटा गेला आणि दोन्ही टोकं एकमेकांवर सपाट बसली की पुरे. खड्डा खोल असेल तर नवा सेट घ्या.

मग कॅम फिरवणाऱ्या शाफ्टचं वरचं टोक बोटांत धरून आडवं हलवा. पॉइंट उघडे असताना या हलवण्याने गॅप डोळ्याला दिसेल इतकी बदलत असेल तर बुश (शाफ्टला धरणाऱ्या आधाराच्या नळ्या) गेले आहेत. त्या डिस्ट्रिब्युटरमध्ये कितीही निगुतीने गॅप लावली तरी चालू इंजिनात ती दर फेऱ्याला वेगळी असणार. बुश बदलल्याशिवाय पुढचं काम वाया आहे, आणि हे पॉइंट लावून देणारे बरेच जण सांगत नाहीत.

शेवटी कॅम बोटांनी फिरवून बघा. एका दिशेने तो थोडा फिरेल आणि सोडल्यावर स्प्रिंगने टचकन जागेवर यायला हवा. बेस प्लेटखालची ॲडव्हान्सची वजनं आणि स्प्रिंग नीट चालतात की नाही, ते यावरून कळतं. कॅम आळसट परत येत असेल किंवा पुढेच अडकून राहत असेल तर वजनांच्या खिळ्यांवरची गंज आणि वाळलेलं ग्रीस पेट्रोलने धुवा, प्रत्येक खिळ्यावर इंजिन ऑइलचा एकच थेंब द्या. ॲडव्हान्स पुढे अडकलेली बुलेट किक उलटी मारते, आणि ती उलटी किक घोट्याला नीट ओळखते. ही तपासणी टाळू नका.

गॅप लावणे

गाडी मेन स्टँडवर घ्या, प्लग काढा, चौथा गिअर टाका आणि मागचं चाक पुढच्या दिशेने हळूहळू फिरवा. टाच कॅमच्या उंचवट्याच्या बरोबर माथ्यावर आली, म्हणजे पॉइंट जास्तीत जास्त उघडले, की थांबा. माथ्याच्या थोडं अलीकडे-पलीकडे लावलेली गॅप चुकीची असते, म्हणून चाक किंचित पुढे-मागे करून खात्री करा.

स्थिर पॉइंटच्या प्लेटचा लॉक स्क्रू अर्धा फेरा सैल करा, पूर्ण नाही. प्लेट ताठ सरकली पाहिजे, लोंबकळता कामा नये. ०.३५ ची पत्ती आरामात जावी आणि ०.४० ची हलकी ओढ लागून जावी अशी गॅप ठेवा. नवा सेट असेल तर ०.४० च्या बाजूला राहा, कारण नवी टाच पहिल्या काहीशे किलोमीटरमध्ये बसते आणि गॅप उतरते. पत्ती सरळ धरा. तिरपी धरली तर घट्ट लागते आणि गॅप मोठी ठेवली जाते.

आता लॉक स्क्रू कसा आणि पुन्हा मोजा. कसताना प्लेट जवळपास प्रत्येक वेळी थोडी सरकते. ज्यांना हे माहीत असतं ते सरकण्याचा अंदाज घेऊन थोडं अलीकडे लावून कसतात. ते जमेपर्यंत दोन-तीन वेळा करावं लागलं तरी करा.

पॉइंट नवे असोत की घासलेले, शेवटचं काम सफाईचं. नव्या पॉइंटवर गंजू नये म्हणून तेलाचा पातळ थर असतो, आणि फिलर गेजच्या पत्त्यांवरही तेल असतं. पेट्रोलने ओलावलेली कागदाची पट्टी मिटलेल्या पॉइंटमध्ये धरून ओढा, नंतर कोरडी पट्टी ओढा. कागदावर काळी किंवा करडी रेघ उमटेल. ती उमटायची थांबेपर्यंत नवी जागा धरून ओढत राहा. 'नवे पॉइंट टाकले आणि गाडी सुरूच होत नाही' या तक्रारीमागे बऱ्याचदा एवढंच असतं.

नवा सेट बसवताना वॉशरचा क्रम जुना काढतानाच नीट बघून ठेवा, मोबाइलवर फोटो काढा. हलत्या पॉइंटची स्प्रिंग, कॉइलची वायर आणि कंडेन्सरची वायर या तिन्ही एकमेकांना टेकल्या पाहिजेत, पण बेस प्लेटला कुठेही टेकता कामा नयेत. त्यांच्या खालचा आणि स्क्रूभोवतीचा फायबर किंवा प्लॅस्टिकचा तुकडा विसरला की पॉइंट कायमचे अर्थ होतात.

कॅमवर हाय टेंपरेचर ग्रीस फक्त काडीच्या गुलाएवढं, आणि तेही टाचेच्या पुढच्या बाजूला, म्हणजे फिरताना कॅम ते टाचेखाली ओढून घेईल असं. साधं ग्रीस भरपूर चोपडलं तर पारा ४५ च्या वर गेलेल्या दुपारी ते वितळून थेट टोकांवर उडतं.

टायमिंग: ॲमीटरचा काटा

बुलेटच्या हेडलाइटवरचा ॲमीटर (करंट दाखवणारा काटा) हा टायमिंग लावण्याचा घरचा मापक आहे. काटा चालू स्थितीत असला तर दुसरं काही लागत नाही.

पेट्रोलचा कॉक बंद करा. काढलेला प्लग वायरला लावून फिन्सवर टेकवून ठेवा, पण प्लगच्या भोकापासून लांब. भोकातून येणारी पेट्रोलची वाफ आणि ठिणगी शेजारी नकोत. वायर उघडी लोंबत ठेवली तर कॉइलला इजा होते.

प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून मागचं चाक पुढे फिरवा. अंगठा ढकलला जाईल तो कॉम्प्रेशन स्ट्रोक. एक्झॉस्ट स्ट्रोकलाही पिस्टन वर येतो, पण तेव्हा पॉइंट उघडत नाहीत, कारण डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो.

आता स्पोक भोकातून पिस्टनवर टेकवा आणि टॉप शोधा. स्पोकचं बाहेरचं टोक वाकवून ठेवा म्हणजे आत पडणार नाही, आणि चाक फिरवताना स्पोक सोडू नका. भोक तिरपं असल्यामुळे स्पोक पूर्ण वेळ एकाच कोनात धरायचा. कोन बदलला की माप बदलतं. टॉपला खूण करा. चाक मागे फिरवून पिस्टन चांगला चार-पाच मिलिमीटर खाली न्या आणि मग पुढे येत येत टॉपच्या ०.८ मिलिमीटर अलीकडे थांबा. थेट मागे फिरवून ०.८ वर थांबलात तर गिअरमधली ढिलाई मापात मिसळते. पुढच्या दिशेनेच येऊन थांबणं हा यातला सगळ्यात महत्त्वाचा नियम आहे. तिरप्या भोकामुळे हे माप अगदी काटेकोर नसतं. डायल गेज लावून घेता आला तर उत्तमच, नाहीतर शेवटची बारीक दुरुस्ती रस्त्यावर होते.

डिस्ट्रिब्युटरची बॉडी धरणारे बोल्ट बॉडी हाताने फिरेल इतपतच सैल करा. चावी चालू, हेडलाइट बंद. पॉइंट मिटलेले असतील तर काटा उणे बाजूला साधारण ३ अँपिअरवर जाईल. उघडले की शून्यावर येईल.

चाक फिरवताना कॅम कुठल्या दिशेला फिरतो ते आधी बघून ठेवा. बॉडी आधी कॅमच्याच दिशेने फिरवा म्हणजे पॉइंट मिटतील आणि काटा उण्यात जाईल. मग कॅमच्या विरुद्ध दिशेने अगदी सावकाश फिरवत या. काटा थरथरतो, आणि एका क्षणी टपकन शून्यावर पडतो. तिथेच थांबा. तोच ठिणगीचा क्षण. बोल्ट कसा.

हात बारीक ठेवा: बॉडी १ अंश फिरली की क्रँकवर टायमिंग २ अंशांनी बदलतं. कसल्यावर चाक पुन्हा मागे न्या, पुढे आणत काटा पडतो ती जागा ०.८ वरच येते का ते तपासा.

चावी मिनिटभरापेक्षा जास्त चालू ठेवू नका. मिटलेल्या पॉइंटमधून सतत करंट गेला की कॉइल तापते, टोकं काळवंडतात आणि बॅटरी उतरते.

ॲमीटर मेलेला असेल तर इंडिकेटरचा बल्ब पॉइंटच्या वायरला आणि बॉडीला जोडा. पॉइंट मिटलेले असताना बल्ब विझलेला, उघडले की पेटलेला. त्याहून साधं साधन म्हणजे ०.०५ ची पत्ती मिटलेल्या पॉइंटमध्ये धरून हलकी ओढत राहणं. ती सुटते तो क्षण.

काटा काय सांगतो

चाक पूर्ण फिरवूनही काटा उण्यातच बसून राहिला तर पॉइंट उघडूनही करंट जातोय: इन्सुलेशनचा तुकडा राहिला, वायर बेस प्लेटला घासतेय किंवा कंडेन्सर आतून शॉर्ट झाला. कंडेन्सरची वायर सोडा. काटा हलायला लागला तर दोष त्याचाच. काटा शून्यावरून हललाच नाही तर करंट जातच नाही: टोकं घाण आहेत, वायर तुटली आहे, फ्यूज गेला आहे किंवा चावीचा स्विच खराब आहे. काटा उण्यात जातो, शून्यावर येतो, पण प्लगवर ठिणगी पिवळट आणि लुळी असेल, तर कंडेन्सर किंवा कॉइल.

डिस्ट्रिब्युटरमधली कापडी आवरणाची छोटी वायर विशेष बघा. प्लेटसोबत हलून हलून ती आवरणाच्या आत तुटते, बाहेरून धडधाकट दिसते, आणि फक्त ॲडव्हान्स हलला की संपर्क सोडते.

ऊन आणि कंडेन्सर

नागपूरच्या उन्हाळ्यात एक दोष वारंवार दिसतो. गाडी सकाळी पहिल्या किकला सुरू होते, दुपारी पंधरा-वीस मिनिटं चालून बंद पडते, सावलीत अर्धा तास उभी केली की पुन्हा चालते. पेट्रोल अडकल्यासारखं वाटतं. बंद पडल्याबरोबर ठिणगी तपासा: ठिणगी असेल तर पेट्रोलकडे वळा, नसेल किंवा लुळी असेल तर तापल्यावर दगा देणारा कंडेन्सर, आणि त्यानंतर कॉइल. थंड झाल्यावर दोन्ही चांगलेच दिसतात, म्हणून गॅरेजमध्ये सकाळी केलेली तपासणी इथे फसवते. एक चांगला कंडेन्सर सीटखाली ठेवा. रस्त्यात तो बाहेरून पॉइंटच्या वायरला आणि बॉडीला जोडूनही घरी येता येतं, फक्त जुन्याची वायर सोडायची.

रस्त्यावर

किक मारतानाही ॲमीटरचा हाच काटा वापरा. सावकाश किक दाबत काटा मध्यावर येईपर्यंत न्या, डीकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारा लिव्हर) ओढून थोडं पुढे सरकवा, सोडा, मग पूर्ण किक.

गाडी गरम करून सेमिनरी हिल्सच्या चढावर टॉप किंवा तिसऱ्या गिअरमध्ये भार देऊन बघा. इंजिनातून कोरडा किणकिण आवाज आला किंवा किक उलटी आली तर टायमिंग पुढे गेलं आहे. चढावर जीव नाही, सायलेन्सरचा बेंड पाइप लवकर निळा पडतोय, इंजिन नेहमीपेक्षा तापतंय, तर मागे पडलं आहे. दुरुस्ती केसाएवढी करा आणि पुन्हा तोच चढ चढवा. जमलं की बॉडी आणि केसवर मिळून एक रेघ ओरखडून ठेवा. पुढे डिस्ट्रिब्युटर काढावा लागला तर जागा सापडते.

नव्या सेटची गॅप पहिल्या ५०० किलोमीटरनंतर पुन्हा मोजा, त्यानंतर दर ३,००० ला.

हेच तत्त्व इतर जुन्या गाड्यांना लागू आहे, मापं वेगळी. पद्मिनीला ०.४२ ते ०.४८ मिलिमीटर, लुकास डिस्ट्रिब्युटरच्या अँबेसेडरला ०.३५ ते ०.४०. या दोन्हींत कॅमला चार उंचवटे असतात. चारही माथ्यांवर गॅप मोजा, फरक आला तर शाफ्टचे बुश बघा. पॉइंटवाल्या चेतकचे पॉइंट मात्र फ्लायव्हीलच्या मागे असतात. गॅप फ्लायव्हीलच्या खिडकीतून ०.३ ते ०.५ मध्ये लावता येते, पण टायमिंगसाठी फ्लायव्हील पुलरने काढून आतली स्टेटर प्लेट फिरवावी लागते. पुलर नसेल तर हातोडी मारू नका, गाडी पुलर असलेल्याकडे न्या.